गळतीचं कारण : कोबी

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला, ताटली दोन बोटं पुढे सरकवली आणि म्हणाले, "चांगलं झालंय."

या वाक्याची आमच्या घरात दहशत बसली होती. चांगलं झालंय याचा अर्थ, आता यातला आणखी एक घोटही पोटात जाणार नाही. वसंतात सासूबाई, म्हणजे अपोलोनिया, गेल्या आणि माझी बायको बोझेना वडिलांना खेड्यावरून रादोम शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आली. तेव्हापासून वालेरीबाबांनी सगळ्याच पदार्थांना चांगलं म्हटलं आणि एकही संपवला नाही. डुकराचे कटलेट चांगले झाले, बटाट्याचे डोसे चांगले झाले, आणि बाबांच्या पट्ट्याला मी खिळ्याने नवी भोकं पाडत गेलो. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, काही आजार नाही, खायला घाला. हा सल्ला ऐकायला आम्ही सकाळपासून रांगेत बसलो होतो.

एकदा बोझेनाने त्यांना खनपटीलाच बसून विचारलं, बाबा, तुम्हाला खावंसं तरी काय वाटतं? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "कापुश्न्याक."

म्हणजे आंबवलेला कोबी आणि डुकराच्या बरगड्या यांचं सूप. आमच्याकडे हे सूप न येणारी बाई शोधून सापडायची नाही. बोझेनाने बाटलीतला कोबी आणून ते केलं, पिशवीतला आणून केलं, बाजारातल्या म्हाताऱ्यांकडून आणून केलं. सगळी चांगली झाली. त्या रविवारचं चांगलं झाल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि तिने नळ सोडला. आमच्याकडे इतका वेळ कोणी हात धूत नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"लुद्विक," ती स्वयंपाकघराचं दार लोटून हळूच म्हणाली, "बाबांना आता जगायचंच नाहीये."

अशा वेळी नवऱ्याने काय बोलावं हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "असं काही नसतं. सूप म्हणजे काय गं, कोबी आणि डुक्कर. पुढचं मी करतो."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कर."

त्या एका शब्दात इतका अविश्वास होता की माघार घेणं शक्यच नव्हतं. मी भूमापन खात्यात नोकरीला आहे. भांडणाऱ्या दोन शेतकऱ्यांच्या मधोमध उभं राहून मी हद्द दाखवून देतो, आणि मग ते दोघं एक होऊन माझ्याशी भांडतात. ज्या माणसाने हे वर्षानुवर्षं सोसलंय, त्याला एक सूप जमणार नाही असं कोणी समजायचं कारण नव्हतं.

पहिली चूक केली ती जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या स्तेफानियाबाई भेटल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, पण निवृत्ती फक्त पगारापुरती. कोबी कुठला चांगला, एवढंच मी विचारलं.

"विकतचा?" त्या जिन्यातच थांबल्या. "गव्रोनसाहेब, विकतच्यात व्हिनेगर घालतात. तुमच्या सासूबाई खेड्यातल्या. त्यांनी जन्मात विकतचा कोबी घरात आणला नसेल. म्हाताऱ्याला ती चव हवी असेल तर कोबी घरी आंबवायला हवा."

आमच्या समोरच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. त्यातून हिएरोनिमसाहेब बाहेर आले. हे सैन्यात आचारी होते. "घरीच," ते म्हणाले, "पण बाटलीत नव्हे. लाकडी पिंपात. माझ्याकडे आहे, ओकचं. घेऊन जा."

"आणि आंबल्यावर धुऊन घ्या," स्तेफानियाबाई म्हणाल्या.

"धुवायचा नाही," हिएरोनिमसाहेब म्हणाले. "धुतला तर खायचं काय, फडकं?"

यावर त्या दोघांचं जुंपलं. मला कळलं की हा वाद माझ्या आधीपासून चालू आहे आणि माझ्यानंतरही चालू राहील. मी हळूच पिंप उचललं आणि घरी आणलं.

कोबी आणायला बाजारात गेलो तर तो गोणीनेच मिळत होता. मला दोन गड्डे हवे होते. विकणारी बाई म्हणाली, "दोन गड्डे आंबवणारा माणूस मी पाहिला नाही. ससे पाळलेत का?" मागच्या रांगेतले लोक हसले, म्हणून मी गोणी घेतली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर गोणी फाटली आणि गड्डे एकेक पायरी मोजत तळमजल्यापर्यंत गेले. दारं उघडली, आणि प्रत्येक दारातून एक गड्डा आणि एक सल्ला परत मिळाला. कोणी म्हणालं शहाजिरं घाला, कोणी म्हणालं गाजर, कोणी सफरचंद. एकाने तर, अमावास्येला कोबी घातला तर मऊ पडतो, असंही सांगितलं. माणूस दंतवैद्य होता.

पिंप कोरडं असल्यामुळे गळत होतं. लाकूड फुगायला ते पाण्यात बुडवून ठेवावं लागतं, आणि आमच्या घरात ते मावेल अशी एकच जागा होती. मग आम्ही सगळे बेसिनशी उभं राहून अंग पुसायला लागलो. बाथटबमध्ये पिंप झोपलेलं असायचं. पहिल्या दिवशी बाबा आत गेले, बाहेर आले आणि बोझेनाला म्हणाले, "हे पाहुणे किती दिवस राहणार आहेत?" तिने ते गांभीर्याने घेतलं आणि त्यांना माफी मागितल्यासारखं समजावून सांगितलं.

कोबी चिरायची लांब फळी स्तेफानियाबाईंनी दिली. तिच्यात पाती बसवलेली असतात आणि गड्डा वरून घासायचा असतो. त्यांनी मला चार वेळा बजावलं होतं की शेवटचा तुकडा हाताने धरू नका. मी तो हाताने धरला. बोटाला पट्टी बांधून मी कोबीत मीठ चोळलं, आणि मीठ पट्टीतून आत गेल्यावर काय होतं हे मी इथे सांगत नाही, कारण बाबा शेजारच्या खोलीत असल्यामुळे मी तेव्हाही सांगितलं नव्हतं.

कोबीवर ठेवायला जड दगड लागतो. चुन्याचा चालत नाही, आंबटाने विरघळतो, ग्रॅनाइटचा हवा. आमच्या खात्याच्या आवारात शेतांच्या हद्दीवर पुरायचे दगड पडलेले असतात. त्यातला एक नवाकोरा, वर फुली कोरलेला, मी साहेबांना विचारून आणला. साहेबांनी कशासाठी विचारलं, तर मी खरं सांगितलं. त्यांना ते खोटं वाटलं, पण त्यांनी परवानगी दिली. अशा रीतीने पिंप तयार झालं. ते मी स्वयंपाकघरात शेगडी आणि रेडिएटर यांच्या मधल्या कोपऱ्यात ठेवलं, कारण सुरुवातीचे दिवस ऊब लागते असं दोन्ही पक्षांचं मत होतं. एवढ्या एकाच गोष्टीवर ते एकमेकांशी सहमत होते. रोज काठीने भोसकून त्यातला वायू बाहेर सोडावा लागतो, ही गोष्ट मात्र दोघांनीही सांगितली नाही. इतकं तर कोणालाही माहीत असतं, असं नंतर दोघंही म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी कचेरीतून घरी आलो तर आमची गल्ली अडवलेली. गॅसवाल्यांची तातडीची गाडी उभी होती, निळा दिवा फिरत होता, आणि सगळी इमारत समोरच्या गवतावर काढून ठेवली होती. नोव्हेंबरातली थंडी. लोक घरच्या चपलांवर, अंगावर गोधड्या घेऊन उभे होते. कोणाच्या हातात मांजर होतं, दंतवैद्याच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. वालेरीबाबा बाकावर बसले होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, डोक्यावर टोपी, मांडीवर सासूबाईंचा फोटो. ते ठीक आहेत हे पाहून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्यावर मला बोलायला जोर आला.

मी लोकांना सांगितलं की गॅसच्या बाबतीत काही माणसं किती बेजबाबदार असतात. जुन्या नळ्या बदलत नाहीत, शेगडी पुसत नाहीत. मी म्हणालो की अशा माणसाचं नाव सोसायटीने फलकावर लावायला हवं. लोकांनी माना डोलावल्या. आमच्या इमारतीत माझं म्हणणं इतक्या लोकांनी एकदम मान्य करण्याची ती पहिलीच वेळ होती.

तेवढ्यात हातात वास घेणारं यंत्र धरून गॅसवाला बाहेर आला. "बारा नंबर कोणाचा?"

मी आजूबाजूला पाहिलं. बारा नंबर माझा होता.

तो मला वर घेऊन गेला. पिंपाचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं, फेस आला होता, आणि करड्या पाण्याचा ओघळ निघून थेट शेगडीखाली गेला होता. वासाचं वर्णन मी करत नाही. गॅसवाला अनुभवी माणूस होता, तोही दारात उभा राहूनच बोलत होता.

"गॅसगळती नाही," तो म्हणाला. "हे काय आहे?"

"कोबी."

"आणि वर?"

"हद्दीचा दगड."

"घरात कुणाशी वाद चालू आहे का?"

त्याला अहवाल लिहायचा होता. अहवालात 'गळतीचं कारण' असा रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. त्याने तिथे लिहिलं, 'कोबी'. मग प्रामाणिकपणे कंसात लिहिलं, 'आंबवलेला'. मी खाली सही केली. आम्ही खाली आलो तेव्हा त्याने लोकांना मोठ्याने सांगितलं की धोका नाही, बारा नंबरच्या साहेबांचा कोबी आहे, वर जायला हरकत नाही. लोक माझ्या शेजारून एकेक करून आत गेले. बोलले असते तर बरं झालं असतं. स्तेफानियाबाई तेवढ्या थांबल्या आणि म्हणाल्या, "फलक केवढा लावायचा म्हणालात?"

त्या अहवालाची प्रत सोसायटीच्या कचेरीत पोचली आणि मला बोलावणं आलं. तिथली बाई सभ्य होती. अडचण अशी होती की घरात कोबी ठेवण्याविषयी सोसायटीचा नियम नव्हता, आणि नियम नसेल तर मला परवानगीही देता येत नव्हती आणि मनाईही करता येत नव्हती. तिने बराच वेळ कपाट धुंडाळलं. शेवटी म्हणाली, "वास आणि उपद्रव हे फक्त पाळीव प्राण्यांच्या नियमात आहे. तुमचा कोबी त्यात बसवू या का?"

"बसवा," मी म्हणालो. त्या दिवसांत मी कशालाही तयार होतो.

"शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो?"

"बुडबुडतो. पण हळू."

"दिवसातून कितीदा बाहेर काढता?"

मी सांगितलं की आता तो बाल्कनीतच असतो. ते तिने लिहून घेतलं, शिक्का मारला, आणि कागद माझ्याकडे सरकवता सरकवता म्हणाली, "बरगड्या धुरी दिलेल्याच घ्या. आणि बटाटे वेगळे उकडा. आंबटात बटाटा शिजत नाही, दगड राहतो. माझा नवरा अजून बोलून दाखवतो."

हे सगळं मी गिळलं असतं. पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. फोन कोणी केला? बोझेना आणि मी कामावर होतो. दार ठोठावून विचारायचं सोडून थेट गॅसवाल्यांना बोलावणारा माणूस इमारतीत कोण? आमच्या दारासमोर दार फक्त हिएरोनिमसाहेबांचं. मी त्यांना नमस्कार करायचा बंद केला. ते आदल्या दिवशीपर्यंत मला जिन्यात रोज अडवत होते, त्यामुळे त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी दार वाजवलं.

"गव्रोनसाहेब, तुम्हाला वाटतं मी फोन केला?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच तर. मी सैन्यात होतो. तक्रार करायची तर तोंडावर करतो. आणि पिंप माझं आहे. आत कोबी तुमचा आहे. तो काढून घ्या आणि पिंप द्या."

"मुरलेला नाही अजून."

"मग मुरेपर्यंत विचार करा," असं म्हणून ते गेले.

तिकडे स्तेफानियाबाई जिन्यात प्रत्येकाला सांगत होत्या की फोन कोणी केला हे त्यांना माहीत आहे, पण त्या नाव घेणार नाहीत. त्या नाव घेत नव्हत्या आणि हिएरोनिमसाहेबांच्या दाराकडे बघत होत्या. बोझेनाने हे काही दिवस पाहिलं आणि मला म्हणाली, "तू सूप करतोयस की खटला चालवतोयस? रविवारी दोघांनाही जेवायला बोलाव."

"त्यांनी येऊन माझंच सूप प्यायचं?"

"तुझ्याकडे गोणीभर कोबी आहे, लुद्विक."

थंडीत बाल्कनीवर कोबी शांत झाला. मी त्याला रोज सकाळी लाकडी चमच्याच्या दांड्याने भोसकत होतो. शेजारच्या इमारतीतली माणसं ते बघत चहा पीत. काही आठवड्यांनी त्याचा रंग पिवळसर झाला, वास आंबट आणि स्वच्छ यायला लागला. रविवारी मी भल्या सकाळी उठलो. बरगड्या तमालपत्र आणि मिऱ्यांबरोबर उकळत ठेवल्या, वाळवलेल्या अळंब्या भिजवल्या, कोबी धुवावा की न धुवावा यावर विचार केला आणि अर्धा धुतला. बटाटे वेगळे उकडले. शेवटी डुकराच्या चरबीत कांदा आणि पीठ परतायचं असतं. पहिलं पीठ जळलं. धूर झाला, मी खिडकी उघडली, आणि खाली मोटार पुसणाऱ्या दंतवैद्याने वर बघून शांतपणे मोटार थोडी लांब नेऊन लावली. दुसरं पीठ जमलं.

मी सूप वाढलं. हिएरोनिमसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि माझ्याकडे न बघता बसले होते. स्तेफानियाबाईंनी एक चमचा घेतला, डोळे मिटले.

"अर्धाच धुतलाय," त्या म्हणाल्या.

"तेवढाही कशाला धुतला?" हिएरोनिमसाहेब म्हणाले.

"तुम्हाला विचारलं नाही. काही माणसं बोलायच्या वेळी बोलत नाहीत आणि नको तिथे फोन करतात."

हिएरोनिमसाहेबांनी चमचा ठेवला. "बाई, नाव घेऊन बोला."

"मी नाव घेत नाही."

"घ्या की. इतके दिवस इमारतभर न घेता फिरताय, आज माझ्यासमोर घ्या."

मी पळी हातात घेऊन मध्ये पडलो आणि म्हणालो की माझा कोणावरच संशय नाही. ते मी अशा सुरात म्हणालो की हिएरोनिमसाहेब उभेच राहिले. ते म्हणाले, याच माणसाला मी पिंप दिलं. स्तेफानियाबाई म्हणाल्या, फळी मी दिली होती, पण मी ती बोलून दाखवत नाही. बोझेना म्हणाली, अहो बसा, निवतंय. सगळे एकदम बोलत होते. त्यात मला माझ्या मनगटावर बोझेनाची बोटं जाणवली. तिने ते इतकं घट्ट धरलं की पळी कलंडली. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बघत होती.

वालेरीबाबा ताटली तिरकी धरून तळाचं सूप चमच्यात गोळा करत होते. इतके महिने आम्ही दोघं त्यांच्या चमच्याकडे बघत जेवलो होतो. आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. त्यांनी ताटली पावाने पुसली, पाव खाल्ला, आणि म्हणाले, "फोन मी केला होता."

हिएरोनिमसाहेब हळूहळू खाली बसले.

"घरात एकटा होतो," बाबा म्हणाले. "शेगडीकडून वास आला. खिडकी उघडली, फोन केला, कोट घातला, अपोलोनियाला घेतलं आणि खाली गेलो. जाताना एकच दार वाजवलं, बाकीची गॅसवाल्यांनी वाजवली. तुमचं वाजवलं, हिएरोनिम. तुम्ही झोपला होता."

"अहो वालेरीबाबा," हिएरोनिमसाहेब म्हणाले, "तुमचं सगळं आयुष्य कोबीत गेलं. तुम्हाला कोबीचा वास कळला नाही?"

"कोबीचा कळतो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "पण इतका घाण कोबी मी जन्मात हुंगला नव्हता, लुद्विक. मला वाटलं, इमारत गेली."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" बोझेनाने विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही सगळे एकमेकांनाच विचारत होता."

बोझेनाने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुम्ही घाबरला होतात?"

"घाबरणार नाही तर काय? गॅस आहे म्हटल्यावर बसून राहू होय? मला काय मरायचंय?" त्यांनी ताटली माझ्यापुढे धरली. "मीठ कमी आहे. चरबी जास्त आहे. अजून वाढ, आणि बरगडी मोठी दे."

बोझेना उठली. मला वाटलं आता बाथरूमकडे जाणार, पण ती मीठ आणायला गेली होती. मी ताटली भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चमचा उचलला, थांबले, आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"असे बघत काय बसलात?"

आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायला लागलो. खाली पार्किंगमध्ये काहीच चाललेलं नव्हतं. तरी स्तेफानियाबाईंनी त्याबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि हिएरोनिमसाहेबांनी लगेच ते खोडून काढलं.